मायांचा वरवंटा

या धाग्यावरचे गूढ अनुभव मी आजवर चहासोबत करमणूक म्हणून वाचत आले. पेशाने क्वालिटी इंजिनिअर – मोजता आलं नाही म्हणजे घडलंच नाही, असं मानणारी. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसलेच असते.

आम्ही इथे बर्फाच्या देशात, व्हिटबीला राहतो, मी आणि नवरा मंदार. दोन वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात आमची मुलगी पोटातच गेली. नर्सने हळूच विचारलं, हातात घेणार का? मी घेतलं. मंदार खिडकीकडे बघत म्हणाला, "नो, थँक यू." विमानात कॉफी नाकारतात ना, तसं. तेव्हापासून घरात तिचा विषय नाही. पुण्याहून घरच्यांचा फोन आला की, "पुढच्या वेळी सगळं नीट होईल." अहो, पण या वेळचं काय? तिला नाव नाही, बारसं नाही... जणू आलीच नव्हती.

या फेब्रुवारीत मंदारने 'चेंज' म्हणून मेक्सिकोचं ऑल-इन्क्लुसिव्ह रिसॉर्ट बुक केलं. दुःखावर बुफे! तिसऱ्या दिवशी मला त्या पूलवरच्या गाण्यांचा वीट आला, म्हणून टॅक्सी करून युकातानच्या उत्तर किनाऱ्यावर कोळ्यांच्या एका गावी गेलो. नाव देत नाही, उगाच गर्दी नको. गावामागे मिठागरं, आणि त्यांच्या पलीकडे प्राचीन माया लोकांचे सात-आठ पडके चौथरे. दुपारचे बारा वाजलेले. पर्यटक आम्ही दोघंच. दाराशी तिकिटं फाडणाऱ्या एक आजी, आणि झावळ्यांच्या शेडखाली उकरून काढलेले दगड मांडलेले.

त्यातला एक बघून मला हसूच आलं. "मंदार, अरे हे बघ, पाटा-वरवंटा!"

मका वाटायचे ते दगड, बाकी काही नाही. पण आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालतात, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याच्या खालून-वरून देतात, मग पाळण्यात ठेवतात. माझे हात माझं न ऐकताच पुढे झाले. जुन्या वस्तूंना हात लावू नये हे कळत असून मी तो वरवंटा उचलला, उन्हासाठी घेतलेल्या ओढणीत गुंडाळला, आणि त्याच्या एका टोकाशी तोंड नेऊन मी मनात ठरवलेलं नाव सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने.

तो कोमट होता. सावलीतला दगड. मी लगेच शेजारच्या पाट्याला हात लावून पाहिला – सवय! – तो गार. आणि मग ओढणीत काहीतरी हललं. आतून. सातव्या महिन्यात ती फासळीखाली ढुशी द्यायची ना, तस्संच. थोड्या वेळाने परत एकदा.

आजींनी पाहिलं. आणि स्टूल फिरवून पाठ करून बसल्या.

"वेड लागलंय का तुला? ठेव ते, फाइन करतील!" मंदारने ओढणीसकट दगड माझ्याकडून घेतला. आणि थांबला. त्याचा चेहरा पार उतरला.

"कळलं ना?" मी विचारलं.

तो खाली बसला. एका टोकाखाली तळहात धरून त्याने दगड टेकवला, आणि तो हात अगदी सावकाश काढून घेतला. झोप मोडू नये म्हणून काढतात तसा.

परतताना टॅक्सीत म्हणाला, "उन्हाने तापला असेल."

"सावलीत होता, मंदार."

"मग तुझ्या हातांनी."

"आणि हललं ते?"

"काही हललं नाही. इट वॉज अ रॉक. प्लीज, आता सोड."

मी सोडलं नाही. परत आल्यावर नाना तर्क लढवले, एकही टिकला नाही. खरं सांगायचं तर दगडाचं कोडं नाही सुटलं तरी मला चालेल. पण दगड ठेवताना मानेखाली हात कोण धरतं, एवढं तरी त्याने सांगावं. विचारलं की तो बर्फ उपसायचं शोव्हल उचलून ड्राइव्हवेवर जातो... बर्फ असो वा नसो.