नरकाबद्दल विचारायचं नाही

"नरकाबद्दल विचारायचं न्हाई. नुसतं भ्यायचं!"

आमच्या कळमनुरीच्या ख्रिस्ती मंडळीतला हा पहिला नियम. मी सहा वर्षांची असताना योहानकाकांना विचारलं होतं, "काका, नरकातली आग विझली तर पुन्हा कोण पेटवतं?" काका मंडळीचे मुख्य पंच. त्यांनी मला देवळाच्या कोपऱ्यात उभं केलं आणि हा नियम दहा वेळा म्हणायला लावला. नियम पाठ झाला. आग कोण पेटवतं ते अजून कळलेलं नाही.

आमची मंडळी म्हणजे ओढ्यापलीकडची बारा घरं, एक पत्र्याचं देऊळ आणि तीन पंच. जमीनजुमला कुणाकडे नाही, निझाम सरकारात कुणाची ओळख नाही. साठलेत ते फक्त किस्से! एक सांगायला घेतला की दुसरा त्याच्या पाठोपाठ आलाच. नागपूरला कॉलेजात असताना रविवारी मैत्रिणी माझ्या खोलीत जमायच्या, त्या काही प्रार्थनेसाठी नव्हे.

आता बी.ए. होऊन घरी आलेय. मिशनची मुलींची शाळा बाई नाही म्हणून वर्षभर बंद आहे आणि बाई नेमणं याच तीन पंचांच्या हातात आहे. आई रोज बजावते, "शांते, नेमणूक होईस्तोवर तरी तोंड आवर."

कुणी आवरलंय!

*

मंगळवारच्या बाजारात शुभवर्तमान सांगणं हे योहानकाकांचं आवडतं काम. एकदा त्यांनी शेवटच्या न्यायाचं मोठं रंगीत चित्र झाडाला टांगलं. उजवीकडे मेंढरं, ती स्वर्गात चाललेली. डावीकडे शेरडं, ती नरकात. समोर बसलेले निम्मे लोक धनगर, हे काकांच्या ध्यानातच आलं नाही.

एक म्हातारा धनगर काठी टेकत उठला. "म्हाराज, शेळ्या काहून जाळून राहिले तुमी?"

"शेळी म्हणजे पापी माणूस, बाबा. मेंढरू म्हणजे देवाचं लेकरू."

"बराबर," म्हातारा म्हणाला. "पर मेंढराला वाट कळत न्हाई. कळपाच्या म्होरं शेळी घालावी लागते, तवा मेंढरं मागं चालतात. शेळ्या तर तुमी तिकडं धाडल्या. मग ही मेंढरं सोरगात पोचली कशी?"

काकांनी चित्राकडे पाहिलं. धनगरांनीही पाहिलं. त्या मंगळवारी प्रवचन फार लवकर आटोपलं!

*

काका नरकाचे कागदही वाटायचे. गुलाबी कागद, वर ज्वाळा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पाप्या, तुझा शेवट जवळ आला!' एका बाजारात दोनशे कागद तासाभरात संपले. काकांना आनंदानं रडू यायचं तेवढं बाकी होतं. "बघ शांते, लोक तहानलेले हायेत!"

तहानलेला एकच होता, भजीवाला. त्याला बांधायला कागद हवे होते.

पुढच्या आठवड्यात तो तोंड पाडून काकांच्या दारात आला. "काका, तुमच्या कागदानं लई तकलीफ झाली. गिऱ्हाईक भजं तोंडात टाकतं, कागद वाचतं आन् उरलेली भजी परत करतं."

काका नवा गुलाबी गठ्ठा सोडायला लागले.

"दुसरे न्हाईत का? सोरगाचे?"

*

आमच्यात साक्ष देण्याची पद्धत आहे. आपण पूर्वी कसे पापी होतो आणि कसे सुधारलो, ते उभं राहून सांगायचं. सामुएलमामा हे दुसरे पंच, धंद्यानं सुतार. त्यांची साक्ष दरवर्षी वाढत गेली. पहिल्या वर्षी ते फक्त शिंदी प्यायचे. दुसऱ्या वर्षी जुगार आला. चौथ्या वर्षी ते दरोडेखोरांच्या टोळीत होते आणि गावोगाव त्यांच्या नावानं लेकरं रडायची थांबत होती!

तेव्हा मार्थामामी बायकांच्या रांगेतून उभी राहिली. "पंचहो, ह्यो माणूस कोंबडी कापायची म्हटलं तर शेजाऱ्याला हाक मारतो. ह्याचं पाप एकच हाय. दरसाल देवळात उभं राहून खोटं बोलतो."

मंडळी 'आमेन' म्हणाली. इतकं मनापासून पुन्हा कधी म्हणाली नाही.

*

मी चौदा वर्षांची झाले तेव्हा साक्षीची पाळी माझ्यावर आली. सामुएलमामांच्या टोळीनंतर मी काय सांगणार? चार दिवस पाप शोधलं. शेवटी एक सापडलं. पोळ्याला शेजारच्या कुणब्याच्या घरी मी पुरणपोळी खाल्ली होती आणि ती नैवेद्य दाखवलेली होती.

तेवढंच देवळात सांगितलं. मूर्तीपुढचं खाल्लं म्हणजे केवढं पाप! योहानकाका पुढं वाकले. "किती खाल्ल्या?"

"चार."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांचा आवाज आणखी खाली आला. "तूप व्हतं?"

"व्हतं. वाटीभर."

काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "पश्चात्ताप कर, पोरी." आणि सुस्कारा सोडला. तो माझ्या पापासाठी होता असं मला तेव्हाही वाटलं नाही.

*

सेनगावाकडे साखरा गावी एकदा मॅजिक लँटर्न, म्हणजे पडद्यावर चित्रं दाखवायचा दिवा, नेला होता. दिवेलागणीला चावडीच्या भिंतीवर धोतर ताणलं आणि स्लाइड दाखवल्या. आधी नरक. माणसं कढईत, माणसं ओझं वाहताहेत, सैतान मागं चाबूक घेऊन. गाव श्वास रोखून बघत होतं. मग स्वर्ग. सोन्याचा रस्ता, पांढरे कपडे, वीणा वाजवणारी मंडळी.

पुढं बसलेल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "ह्यात जवारी कुठं पेरलीय?"

"तिथं भूक लागत न्हाई, दादा," योहानकाका म्हणाले.

"मंग दिवसभर करतात काय?"

"गातात."

"आन् उद्या?"

"उद्याही गातात."

शेतकऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "ती आधीचीच दावा पुन्हा. तिथं माणसं कामाला तरी लागलेली दिसतात!"

*

आता परवाचा.

पंचांची सभा योहानकाकांच्या घरी भरली होती. काकांनी बाप्तिस्मा घेतला तो पंचविसाव्या वर्षी. त्यांच्या आईनं, बायजाआजीनं, अजून घेतलेला नाही. वय ऐंशीच्या घरात. दर शनिवारी देऊळ झाडते, सगळी गीतं तिला तोंडपाठ. पण बाप्तिस्म्याचं काढलं की म्हणते, "आंघोळ मी घरीच करते, बाबा." लेकाला ती अजून त्याच्या जुन्याच नावानं हाक मारते.

काकांनी माझ्यापुढं कागद सरकवला. नेमणुकीच्या अटी होत्या. पहिली, साधं पांढरं लुगडं. दुसरी, कॉलेजातले वाद शाळेत आणायचे नाहीत. तिसरी, रोज सकाळी मुलींकडून म्हणवून घ्यायचं : 'बाप्तिस्म्यावाचून मरणारा नरकात जातो.'

शाळेत यायला वीस मुली तयार आहेत. त्यांतल्या अठरा हिंदू घरांतल्या. दोघी तर त्याच सकाळी ओढ्यावर विचारून गेल्या होत्या, "बाई, उद्या पाटी आणू का?"

"पहिल्या दोन मान्य," मी म्हणाले. "तिसरी न्हाई."

"सही न्हाई तर शाळा न्हाई, शांते."

त्या दोघींची तोंडं डोळ्यांपुढं आली. तरी मी दौत बाजूला सारली. "न्हाई शिकवणार, काका. लेकरू घरी जाऊन आईच्या हातचं जेवायला बसंल, तवा तिच्याकडं कसं बघंल?"

"नियम हाय त्यो. प्रश्न इचारायचा न्हाई," सामुएलमामा म्हणाले.

तिसरे पंच पौलसअण्णा, त्यांनी मान डोलावली.

"आन् खरं सांगायला लाज कशाची?" काका तापले. "एवढी शिकलीस, येवढं एक वाक्य सांगता येत न्हाई तुला?"

"न्हाई येत. तुमी सांगून दाखवा. हितंच, मोठ्यानं. चुलीपतुर ऐकू जाईल असं."

आत भाकरी थापण्याचा आवाज चालला होता. काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात थापणं थांबलं.

"धोंड्या," आतून बायजाआजीची हाक आली, "तिसरी भाकर टाकू का रं? सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या."

काकांनी सामुएलमामांकडे पाहिलं. मामांनी कागदाकडे. पौलसअण्णांची मान जिथल्या तिथं राहिली.

आत पुन्हा भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला. काकांनी अटींचा कागद ओढून पालथा ठेवला.