कुणाचं रं ह्ये पोर?

आमचे बा चारचौघांत मला ओळखत नसत. कडावच्या बाजारात मी गूळवाल्याच्या पाटीत हात घातला किंवा कीर्तनात पुढच्याच्या शेंडीला गाठ मारली, की बा परक्यासारखे माझ्याकडे पाहत आणि शेजारच्याला विचारत, "कुणाचं रं ह्ये पोर?"

लोक हसत. मला मात्र वाटे, एक दिवस हे खरंच मला विसरून घरी जातील. मग मी धावत जाऊन त्यांच्या धोतराचा सोगा घट्ट धरी.

बांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. त्याचं कारण आप्पा, त्यांचे थोरले भाऊ. वडीलधाऱ्यांसमोर आपल्या मुलाला जवळ घेणं, नावाने हाक मारणं, रागावणंसुद्धा आमच्यात निर्लज्जपणाचं मानत. आणि आप्पा तर सदा बरोबर. लाड नाही, मार नाही. बांच्या हाती उरला तो एवढा एक प्रश्न.

हे मी आयुष्यभर हसत हसत सांगत आलो. माझ्या नातवंडांना वाटतं, आपला पणजोबा दगड होता. तसं वाटायला मीच कारण. मी गोष्ट अर्धीच सांगितली.

उन्हाळा तोंडावर आला होता. त्याच बाजारात एका कुंभारणीने मडक्यांची उतरंड रचली होती. तिच्या तळाशी सरडा शिरलेला मी पाहिला आणि खालचं मडकं ओढलं. सगळी उतरंड कोसळली. कुंभारणीने माझं मनगट पकडलं.

"कुणाचं रं ह्ये पोर? आयबाप हायेत का नाय याला?"

बांचाच प्रश्न! माणसं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "खालापूरला फौजदाराकडं द्या त्याला." बा समोरच उभे होते, शेजारी आप्पा. आप्पांनी तोंड फिरवलं. बा जमिनीकडे पाहत राहिले. मी रडायचंही विसरलो.

"माजं हाय," बा म्हणाले. इतकं हळू की कुंभारणीला ऐकूच गेलं नाही.

"काय म्हनता?"

"माजं हाय, बाय. माजं पोर हाय."

"लाज सोडलीस की रं," आप्पा म्हणाले आणि एकटेच गावाकडे चालू लागले.

बांनी विकायला आणलेले तांदूळ कुंभारणीच्या पदरात ओतले. मग मला मांडीवर घेऊन बाजार उठेपर्यंत तिच्याशेजारी बसले आणि ओरडत राहिले, "घ्या मडकी! उरलीत ती पक्की हायेत, आमच्या पोरानं पारखलीत!" पदराआड कुंभारीणसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी बा पुन्हा आप्पांच्या मागून खाली मान घालून चालू लागले. प्रश्नही पुन्हा सुरू झाला. पण आता तो विचारून झाला की ते जरा थांबत, आणि मी ओठांतल्या ओठांत म्हणे, "तुमचं."

त्यांच्या शेवटच्या तापात आप्पा उशाशी बसले होते. मी, मिशा फुटलेला बाप्या, रिवाजाप्रमाणे दारातच उभा होतो. बांनी डोळे उघडले, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"कुणाचं रं ह्ये पोर?"

मी आप्पांसमोरून आत गेलो, बांचा हात धरला आणि मोठ्याने म्हणालो, "तुमचं हाय, बा."

ती थट्टा होती की तापाने माझी ओळख पुसली होती, मला अजून कळलेलं नाही. आप्पा मात्र उठून बाहेर गेले आणि जाताना दार ओढून घेतलं.