नरनाळ्यामागच्या डोंगरावर लाइट लागत नाही

तिसऱ्या सकाळीही डोंगरावर लाइट लागला नाही. साहेबांनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि माझ्याकडे पाहिले. त्यांच्या मागे तुळसाबाई उभी होती. तिने विचारले, "लागला का?"

मी तेव्हा सर्व्हे खात्यात कॅम्पचा कारकून होतो. कॅम्प अकोल्याच्या बाहेर, मोर्णा नदीपासून कोसभर लांब एका टेकाडावर होता. माणसे, गाड्या आणि शिधा यांचा बंदोबस्त माझ्याकडे असे. काम नकाशाचे होते. डोंगरावरच्या एका खुणेचा कोन इकडून मोजायचा. इतक्या लांबची खूण दुर्बिणीतूनही दिसत नाही. म्हणून डोंगरावर एक माणूस आरसा घेऊन बसतो आणि सूर्याचा उजेड आमच्याकडे फेकतो. इकडे तो चांदणीसारखा दिसतो. आम्ही त्याला लाइट म्हणत असू.

आरशापुढे हातभर अंतरावर एका फळीत भोक पाडलेली पट्टी रोवलेली असते. उजेड त्या भोकातून गेला की बरोबर आमच्या दुर्बिणीत येतो. सूर्य सरकतो तसा आरसा फिरवत राहायचा. पट्टीला मात्र हात लावायचा नाही. झोत अरुंद असतो. आमच्यापर्यंत पोचेतो तो पाव कोसही रुंद होत नाही. त्या पट्ट्याच्या बाहेर उभे राहणाऱ्याला काही दिसत नाही.

नरनाळा किल्ल्यामागच्या उंच डोंगरावर आरसा घेऊन बसलेला किसन तुळसाबाईचा मुलगा. जुन्या शहरातले माळ्याचे घर. नवरा वारलेला. किसन डोंगरावर गेल्यापासून ती रोज उजाडायच्या आत नदी ओलांडून कॅम्पवर येई, साहेबांच्या परवानगीने एकदा दुर्बिणीला डोळा लावी आणि मग भाजीची टोपली घेऊन बाजारात जाई. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, "थोच हाये. हालून राहिला." हलत होती ती हवा.

लाइट बंद होणे एरवी मोठी गोष्ट नाही. ढग येतात, धूर येतो. पण आकाश स्वच्छ होते. किसनचा जोडीदार हिवतापाने आधीच खाली आला होता. त्याच डोंगरावर मागच्या हंगामात आमचा एक गडी तापाने गेला होता. आणि शिधा पोचवणारा बिसन वर शेवटची फेरी करून परतला तो थेट कापसाच्या गाडीवर कामाला लागला. त्यानंतर किसनला धान्य गेलेले नव्हते. दुसरा आरसा अमरावतीकडच्या मोजणीच्या लाइनवर होता, म्हणून इकडून खूण करून विचारायचीही सोय नव्हती.

"ऊपर जाना पड़ेगा," साहेब म्हणाले. "प्लॅन बनाओ."

चढाईचा प्लॅन कागदावर सोपा असतो. अकोटपर्यंत सपाट रस्ता. पुढे डोंगराच्या पायथ्याचे कोरकूंचे गाव, तिथे मुक्काम. मग चढण. पहिला टप्पा साग-बांबूच्या जंगलातून, दुसरा उघड्या कातळावरून. पाण्याचा शेवटचा झरा दोन्हींच्या मधे. झऱ्याच्या वर सगळे पाणी डोक्यावर न्यावे लागते. आम्ही वाईटातले वाईट धरून चाललो होतो. म्हणजे माणूस चालू शकत नाही, त्याला डोलीतून उतरवायचे. डोलीला खांदेकरी, त्यांच्या बदलीचे खांदेकरी, आणि सगळ्यांचे पीठ-पाणी वाहायला आणखी माणसे.

माणसे कुठेच नव्हती. अमेरिकेतल्या लढाईने तिकडचा कापूस अडला होता आणि वऱ्हाडातली प्रत्येक गाडी, प्रत्येक बैल आणि प्रत्येक धडधाकट खांदा कापसाच्या मागे होता. बाळापूरच्या पाटलाने गाड्या नाहीत म्हणून कळवले. अमरावतीच्या हेड ऑफिसला मी माणूस पिटाळला. तो उत्तर घेऊन आला, की कापसाची घाई ओसरली की गाड्या मिळतील.

मी ते उत्तर साहेबांना सांगत होतो. तुळसाबाई तिथेच होती.

"कापूस संपेस्तवर माह्यं पोरगं थांबन का?" ती म्हणाली.

"बाई, मी काय करू? गाडीवाला तिकडे दुप्पट मागतो आणि त्याला मिळतेही."

"गाडी कायले पायजे? आमच्या आळीतल्या बाया हायेत ना. सारा जलम टोपले वाह्यले. दोन पाठीवरचे बैलबी हायेत भाजीचे. डोलीले माहे दीर अन् पुतने येतीन."

साहेब माझ्याकडे वळले. "औरतें? सर्व्हे पार्टी में?"

"नियमात बायका नकोत असं कुठं लिहिलेलं नाही, साहेब."

"लिखा नहीं, क्योंकि किसी ने सोचा नहीं।"

"पहाड़ चढ़ना है, बाई," मग ते तिच्याकडे वळून म्हणाले. "बहुत ऊँचा."

"सायेब, तुमी चढता बूट घालून. मी अनवानी चढन. अन् मी जाईनच. तुमच्या कागदावर माह्यं नाव नसलं तं मांगून येईन."

साहेब थोडे हसले. लाइट बंद झाल्यापासून पहिल्यांदाच. तिचे नाव मी प्लॅनमध्ये घातले. पायथ्यापर्यंत बायका, वर पुरुष, अशी वाटणी ठरली. तुळसाबाईला पायथ्याशीच थांबायचे आहे, हे मी तिला सांगितले नाही. साहेब म्हणाले, ते मी सांगेन. त्यांनीही सांगितले नाही.

निघायच्या सकाळी ओझी तिच्या अंगणातच बांधायची होती, कारण बैल तिथे होते. मी आणि साहेब सूर्य उगवायच्या सुमारास जुन्या शहरात पोचलो. अंगणात आळीतल्या सात-आठ बाया पिठाच्या थैल्या, हळद, मीठ, हिवतापावरच्या कोयनेलची बाटली टोपल्यांत लावत होत्या. तुळसाबाई एका फडक्यात तिळाचे लाडू बांधत होती. शेजारची अनसूया तिची चेष्टा करत होती.

"लाडू काहून वो? पोरगं आजारी हाये म्हन्ते अन् लाडू नेते!"

"बरं झाल्यावर खाईन."

"अन् आज घरी कशी तू? रोज तं कोंबड्याच्या आंगुदर पयते. तुले तं थे चांदनीबी ठाऊक नसन."

"कोनची चांदनी?"

"थे का. डोंगरावर. सात-आठ दिस झाले, दिवस निंगला का निंगते. मी म्हनलं, देवाचं काई असन."

अनसूयेने हातातली थैली खाली न ठेवता हनुवटीने उत्तरेकडे दाखवले. कुडाच्या वर, निळसर डोंगरांच्या ओळीत, एक पांढरा ठिपका जळत होता. मधेच मंद होई आणि पुन्हा तेज धरी. आरसा फिरवणारा माणूस जागा असला आणि हात स्थिर असला, की लाइट असाच दिसतो.

साहेबांनी टोपी काढली. "माय गॉड," ते म्हणाले. "वो ज़िंदा है. पट्टी हिली है."

पट्टी दोन बोटे सरकली, की एवढ्या अंतरावर झोत कोसाहून जास्त सरकतो. कॅम्पवरून निघून तो बरोबर जुन्या शहरावर आला होता. पण पट्टी आपोआप सरकत नाही. मी तुळसाबाईकडे पाहिले. ती खाली बसली होती.

"बिसनजोळ मीच निरोप धाडलता," ती म्हणाली. "का मले तुहा उजेड घरूनच दिसते. रोज कॅम्पवर जातो म्हनलं असतं तं रागावला असता थो. म्हन्ला असता, थंडीत कायले फिरतं माय. म्हनून म्हनलं, आंगनात बसूनच पाह्यतो."

किसनने ते खरे मानले होते. स्वच्छ सकाळी वरून त्याच्याजवळच्या लहान दुर्बिणीतून जुन्या शहरातल्या किल्ल्याची भिंत दिसते. तिच्या अंदाजाने त्याने पट्टी सरकवली, आईला नीट दिसावे म्हणून. साहेब जवळच आहेत, त्यांनाही दिसेलच, असे त्याने धरले असावे. आई कॅम्पवर उभी राहून त्याच्यासाठी रडत होती, तेव्हा त्याचा उजेड तिच्या रिकाम्या अंगणात पडत होता.

अनसूया म्हणाली, "पाय बाप्पा! देव नाई, आपला किसन्याच निंगाला."

बाया हसल्या. तुळसाबाई हसली नाही. ती ठिपक्याकडे पाहत होती.

चढाई रद्द करता येत नव्हती. तो जिवंत होता, पण वर धान्य नव्हते आणि पट्टीही जागेवर आणायची होती. डोली आणि तिचे खांदेकरी मी प्लॅनमधून काढले. पार्टी निम्म्याहून लहान झाली. साहेबांनी स्वतः तुळसाबाईची टोपली उचलून पाहिली आणि तिला म्हणाले, "चलो बाई. ऊपर तक. मैं रोकूँगा नहीं।"

"नाई, सायेब. मी नाई येत."

"क्यों?"

"मी गेली तं इतं पाह्यन कोन? थो तठी बसून उजेड धाडून राहिला, अन् माह्यं आंगन मोकळं?"

लाडवांचे फडके तिने माझ्या हातात दिले.

आम्ही वर पोचलो तेव्हा किसन अशक्त होता, पण उभा होता. शिधा संपल्यावर पायथ्याच्या कोरकूंनी त्याला मोहाची भाकर दिली होती. कॅम्पवर लाइट दिसत नव्हता हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. नोकरी गेली असे त्याला वाटले. साहेबांनी पट्टी मूळच्या खुणेवर आणून घट्ट बसवली. मग शेजारी भोक पाडलेली दुसरी पट्टी जुन्या शहराच्या रोखाने ठोकली आणि त्याला सांगितले, सूर्य उगवल्यावर थोडा वेळ ही, नंतर दिवसभर ती. रोजच्या रिपोर्टमध्ये या वेळेला काय म्हणायचे, असे मी विचारले. ते म्हणाले, "लिखो, आरसा जुळवण्याची वेळ."

किसनने मला एवढेच विचारले, "मायले खरंच दिसला का?"

"दिसला," मी म्हणालो. "परवा सकाळी."

तो हिशेब करू लागला. त्याआधीच्या सगळ्या सकाळी ती कुठे होती, हे मी त्याला सांगितले. त्याने लाडवांचे फडके सोडले आणि बराच वेळ काही खाल्ले नाही.

त्या हंगामाची लाइन वेळेत पुरी झाली. पुढच्या नोकरीत मी अनेक चढायांचे बंदोबस्त केले. कुठल्याही डोंगरावरचा लाइट बंद पडला, की डोली, दोर आणि कोयनेल यांच्याआधी मी एक चौकशी करत असे. त्या माणसाला घरून शेवटचा निरोप काय गेला होता? बहुतेक वेळा त्यातून काही निघत नसे. तरी विचारायला गाडी लागत नाही.