वादळाच्या माथी मारलेला आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ऐकायचा हक्क ज्यांचा, त्यांना तर नाहीच.

दिवेआगरच्या आमच्या वाचनालयाचा मी बिनपगारी चिटणीस. शाली, हारतुरे, दीपप्रज्वलन — आयुष्यभर हसलो या सगळ्याला. मग एका अनोळखी संशोधकाची ईमेल आली. ‘आपल्यासारख्या जाणकारासाठी’ किनाऱ्याचे जुने नकाशे. जाणकार हा शब्द मी दोनदा वाचला.

एका झिप फाइलचे पाच तुकडे करून पाठवले होते. अँटिव्हायरसनं एकेक तुकडा तपासला, निर्धोक ठरवला. सुट्या तुकड्यात त्याला दिसणार तरी काय? पाचही जोडल्याशिवाय आतलं उलगडत नाही, आणि वर पासवर्डचं कुलूप. मी जोडले, कुलूप उघडलं — तेव्हा कुठे त्यानं अडवलं. ईमेलमध्ये लिहिलंच होतं, अँटिव्हायरस अडवेल, बंद करा. एरवी कुणाचंही न ऐकणारा मी, पण तो बंद केला.

नकाशे नव्हतेच. भर दुपारी, रिकाम्या वाचनालयात, पडद्यावरच्या फाइलींची नावं एकामागून एक बदलू लागली; नाव बदललं की फाइल उघडेना. कुणी शेजारी बसून सावकाश बदलावीत, तशी. मी वायर उपटली तोवर वसंताची फाइलही गेली होती.

वसंता माझा मित्र, सुपारी काढणारा. एका पोफळीच्या शेंड्यावरून दुसरीवर झोका घेताना तो जी हाळी द्यायचा, ती मी रेकॉर्ड केली होती. तो गेल्यावर त्याची बायको, सुमनवहिनी, दर महिन्याला येऊन ती ऐकायच्या. दुसरी प्रत नव्हती. का केली नव्हती?

आठवड्याभरात वादळ आलं. वाचनालयाचे पत्रे उडाले, कम्प्युटर भिजला. वहिनींना म्हणालो — वादळानं नेला आवाज. वादळाला उलट कोण विचारणार?

नेला नव्हता. मी घालवला होता.

पण वहिनींनी माझा शब्द धरला. नेला, तर कुठे नेला? समुद्राकडेच. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या किनाऱ्यावर उन्मळून पडलेल्या सुरूच्या झाडांपाशी कान देऊन बसतात. यंदा पावसाळा सरल्यावर मलाही घेऊन गेल्या.

“भावजी, वारा पडला की ऐका. येतो का?”

वारा पडला. लाटांच्या मध्ये काहीतरी होतं — किंवा काहीच नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“आला,” मी म्हणालो.

“मला अजून न्हाय आला,” वहिनी म्हणाल्या. “पण तुमाला आला म्हंजे येल.”

आता त्या अंधार पडला तरी उठत नाहीत.