दिवे लागायच्या आत

बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. भिंतीशी किती बोलणार? म्हणून लिहायला बसलो. शाळा चौथीपर्यंत झाली, चुका पोटात घाला.

जिनिंग फॅक्टरीत मी फिटर होतो. आमच्याकडे तिला नुसतं जिन म्हणतात. नोकरी पक्की, राहायला क्वार्टर. भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की बाहेर, मधे नाकातोंडात कापसाची भुकटी. ऐंशी साल उलटून गेलं होतं तेव्हा मी ती नोकरी सोडली. जुनी मॅटाडोर घेतली आणि तिच्या मागच्या डब्यात बिऱ्हाड मांडायचं ठरवलं. गावोगावच्या पिठाच्या चक्क्या, ऑइल इंजनं दुरुस्त करायची. काम संपलं की पुढचं गाव. काऊन असं केलं, ते मला तेव्हा सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. भोंगा ऐकवत नव्हता, एवढं खरं.

मोठा भाऊ घरी येऊन म्हणाला, "सर्कस काढून राह्यला का बे? वाघ कुठं हाये तुह्या सर्कशीत?"

माझी बायको त्याच्यासमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी पदराआडून मला म्हणाली, "सांगा त्यायले, वाघीण हाये म्हणा. निघून राह्यली सोबत."

भाऊ गेल्यावर मात्र तिनं अट घातली. तिच्या माहेरी चूल पेटवायची तर शेजारणीच्या चुलीतला विस्तव मागून आणायचा. काडेपेटी नव्हती असं नाही. विस्तवाच्या निमित्तानं बाया एकमेकींच्या घरात जात, दुखलंखुपलं विचारत.

"मी गाडीत राहीन," ती म्हणाली. "पण जिथं मुक्काम, तिथं कोणाच्या तरी घरचा विस्तव आणीन. ज्या गावानं देल्ला नाई, तिथून आपण मागं फिरायचं. शेजार नाई अशा जागी मी राह्यणार नाई."

मी हो म्हणालो. मागं फिरायचं म्हणजे भावाच्या घरची मागची खोली, आणि जन्मभर त्याची सर्कस ऐकायची.

त्यात आणखी एक होतं. दिवे लागल्यावर आमच्या भागात घरचा विस्तव बाहेर देत नाहीत. लक्ष्मी जाते म्हणतात. म्हणून रोज दिवे लागायच्या आत गावात शिरावं लागे. माझा भोंगा सुटला आणि हा नवा भोंगा लागला, असं मी तिला चिडवत असे.

पण काय सांगू, लोक विस्तव देत. कवेलूच्या, म्हणजे कौलाच्या, तुकड्यावर, गोवरीवर, फुटक्या मडक्याच्या बुडात. कोणी वर दोन वांगी देई. ती निखारा पदरानं झाकून चालत येई आणि मी गाडीजवळ उभा राहून बघत असे. ना ओळख, ना पाळख, अन् माणूस आपल्या चुलीतला जाळ काढून देतो. जिनात मी एवढाली इंजनं उघडून पाहिली, पण असं नवल पाहिलं नव्हतं. पवनारला धाम नदीच्या काठी उजाडताना पाण्यावर वाफ उठलेली बघून ती म्हणाली, "अवो, नदीनंही चूल पेटवली." मला हसूही आलं नाही. मी बघतच राहिलो.

मग फागण आला. हिंगणीच्या बाजूला एका खेड्यात चक्कीचं काम होतं. वाटेत बोरच्या जंगलाकडे गाडी चढाला लागली आणि पुढं सगळा पळस फुललेला. पान नाही, नुसता लाल. ती म्हणाली, थांबवा. खाली उतरली आणि चपला काढून उभी राहिली, देवळात राहतात तशी. मीही काढल्या. आम्ही दोघं किती वेळ तसे होतो, मला माहीत नाही. ऊन उतरलं, तेव्हा भान आलं.

गावात शिरलो तर घराघरात दिवे लागलेले.

ती तरीही गेली. एका दारातून परतली, दुसऱ्या दारातून परतली. तिसऱ्या घरच्या बाईनं काडेपेटी हातात ठेवली. काडेपेटी घेऊन ती गाडीजवळ आली आणि चक्कीच्या ओट्यावर टेकली. मी म्हणालो, "उशीर झाला म्हणून नाई म्हणाले. माणसं वाईट नाईत."

"मी कुठं वाईट म्हणाली? पण नाई म्हणजे नाईच ना."

तेवढ्यात कंदील घेऊन एक म्हातारी आली. "कोण व पोरी तू, विस्तव मागत हिंडून राह्यली?"

बायकोनं सगळं सांगितलं, अटसुद्धा.

म्हातारी हसली. "दिवे लागल्यावर चुलीतलं बाहेर देता येत नाई, बाई. पण तुले आत यायले कोणी मनाई केली? चाल, माह्याच चुलीवर रांध."

ती उठली. आमच्या पिठाचा डबा काखेत मारून म्हातारीच्या मागं गेली. मी अंगणात बसलो. आत फुंकणीचा आवाज, मग धूर, मग दोघींचं हसणं. माझा जीव टांगणीला. याला विस्तव मिळाला म्हणायचं का नाही?

भाकरी झाली तशी तिनं मला आत बोलावलं. म्हातारीनं विचारलं, "आता उद्या कुठं जाता, बाप्पा?"

मी तोंड उघडायच्या आधी ती बोलली. "पुढं."

"पुढं म्हणजे कोणतं गाव?"

"यायले माहीत नाई, मलेही माहीत नाई," ती म्हणाली आणि तव्यावर दुसरी भाकरी टाकली. चुलीचा जाळ तिच्या तोंडावर पडला होता. नवरा असून मी त्या बाईला पहिल्यांदा बघावं तसा बघत होतो. ती म्हणाली, "खा ना, भाकर थंडी होऊन राह्यली."