वळणावरची तुटक रेघ

नकाशे तयार करणाऱ्या एका मुक्त सॉफ्टवेअरवर मी फावल्या वेळात काम करतो. त्याचा कोड कुणीही उघडून बघावा, सुधारावा. माझ्याकडे त्यातला ड्रायव्हर होता, म्हणजे नकाशातल्या रेघा प्रत्यक्ष काढणारा भाग. अनेकांचे हात लागून तो भलताच फुगला होता. नुसती रेघ काढायच्या त्यात चार पद्धती होत्या. मी तीन उडवल्या आणि एकच ठेवली: दोन बिंदू द्यायचे, त्यांच्यामध्ये रेघ.

तपासायला आमच्या उज्जैनचाच नकाशा घेतला. पायवाटा तुटक रेघेनं दाखवायच्या होत्या. देवास गेटजवळची सरळ वाट बरोबर तुटक आली. राम घाटाकडे शिप्रेच्या काठानं वळत जाणारी मात्र अखंड. रंग तोच, जाडी तीच, कोडही तोच. दोन दिवस शोधत होतो. चूक सापडत नव्हती आणि नाद सुटत नव्हता.

रविवारी दुपारी आत्या आमच्या माधव नगरच्या घरी आली. ती सरकारी कचेरीत नकाशे ट्रेस करायची. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मी तिला छापलेला कागद दाखवला. चष्मा काढून तिनं तो नाकाशी धरला आणि वळणावर बिंदू किती दिलेत, असं विचारलं. मी म्हटलं, पुष्कळ, त्याशिवाय वळण गोल दिसत नाही.

"मग प्रत्येक बिंदूवर तू पेन उचलतोयस," ती म्हणाली. "उचललं की तुकडा नव्यानं सुरू. मधली जागा सोडायच्या आधीच पुढचा बिंदू आला, तर ती सुटणार कशी?"

मी लॅपटॉप उघडला. बिल्कुल तसंच होतं. उडवलेल्या तिन्हींतली एक पद्धत सगळे बिंदू एकदम घेऊन न थांबता रेघ काढायची. ती परत आणली. दोन बिंदूंचं कामही तिच्यानं भागत होतं, म्हणून माझी लाडकी दोन बिंदूंची पद्धत काढून टाकली. घाटाची वाट तुटक झाली. सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या बाकीच्या मंडळींनी तो बदल आठवड्याभरात स्वीकारला.

आत्याला मात्र त्या दुपारी तेवढ्यानं चैन पडेना. नदीच्या वळणाबरोबर नदीचं नाव कसं लिहितोस, तिनं विचारलं. कचेरीत ती तर कागदच फिरवत बसायची. मी सांगितलं, इथे एकेक अक्षर वेगळं फिरतं.

"एकच अक्षर फिरवून दाखव," ती खुर्ची जवळ ओढत म्हणाली. "सावकाश."