हळदीच्या तेलात बिब्बा

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. गुन्ह्यांचे क्रमांक विसरलो, आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळून गेले. पण कुठे हळदीचा मांडव दिसला की एक प्रकरण हटकून डोक्यात येतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, शेवटी कोणाला शिक्षाही झाली नाही. तरी नोकरीच्या अखेरच्या काळात मला इतकं थकवणारं दुसरं प्रकरण आठवत नाही. नावं कोणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून याच शहरात राहतात.

मी नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. लग्नसराईचे दिवस. सकाळची हजेरी घेऊन बंदोबस्त वाटत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ नातेवाइकांचा घोळका घेऊन आत आले. ओझरला विमानांच्या कारखान्यात नोकरी करणारा, एरवी पोलीस ठाण्याची पायरी न चढणारा माणूस.

"साहेब, माझ्या मुलीचं तोंड जाळलं. उद्या लग्न आहे तिचं."

पाणी देऊन बसवलं, मग सगळं कळलं. आदल्या दिवशी सकाळी घरी हळद झाली होती. रात्रीपर्यंत मुलगी ठीक होती. सकाळी उठली तर चेहरा लालबुंद सुजलेला, डोळे उघडेनात, गालांवर फोड. तिला दवाखान्यात दाखल केलं होतं. हळदीसाठी कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या लाकडी घाण्याचं खोबरेल वापरलं होतं. त्यातच काहीतरी होतं, असं सगळ्यांचं म्हणणं.

हा घाणा पेठकडच्या डोंगरातून आलेली एक विधवा बाई चालवायची. वय चाळिशीचं. तिचं खोबरेल त्या भागात नावाजलेलं होतं. बाळाला चोळायला, नवरीच्या अंगाला लावायला, थंडीत अंग फुटलं की लोक तिच्याकडेच यायचे. बाटलीवर लेबल नाही, वास नाही, नुसतं खोबऱ्याचं तेल. म्हणूनच ते आवडायचं.

नातेवाईक आमच्याकडे यायच्या आधी तिच्या दुकानावर जाऊन आले होते. फलक फाडला होता, तेलाचे डबे आडवे केले होते. कोणीतरी मोबाइलवर चित्रण करून खाली लिहिलं होतं, "या बाईच्या तेलाने नवरीचा चेहरा जळाला." दुपारपर्यंत तो व्हिडिओ माझ्या बायकोलाही तिच्या भिशीच्या ग्रुपवरून आला.

गुन्हा नोंदवला. तोडफोडीची वेगळी नोंद घेतली. घरातली तेलाची बाटली पंचनामा करून ताब्यात घेतली, लाखेने सील केली आणि तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवली. तिथला अहवाल कधी येईल, हे पोलिसांना विचारू नये.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "हे ॲसिड नाही," ते म्हणाले. "बिब्बा उतल्यासारखं दिसतंय."

बिब्बा म्हणजे डोंगरातल्या एका झाडाचं काळं फळ. त्याच्या सालीत जे तेल असतं ते कातडी भाजून काढतं. गावाकडे जुनी माणसं टाचेच्या भेगांना त्याचा चटका देत. आतली बी मात्र खातात. तिला गोडंबी म्हणतात, थंडीतल्या लाडवांत घालतात.

दुपारी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही. "घाणेवालीच्या घरात बिब्बे आहेत. जाऊन बघा." आम्ही गेलो. घाण्यामागच्या खोलीत खरंच अर्धं पोतं बिब्बे निघाले. माझ्या लोकांचे चेहरे खुलले. खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. तपास संपला, संध्याकाळी घरी जाऊ.

बाईला चौकशीला बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसल्या होत्या. बाई खुर्चीच्या टोकावर टेकली.

"बिब्बे कशाला ठेवलेत?"

"गोडंब्यांसाठी, साहेब. भाऊ येतो गावाकडून, तो फोडून देतो. थंडीत लोक मागत्यात."

"आणि तेलात किती घातलात?"

"तेलात कशाला घालू? मला लय उततो बिब्बा. मी पोत्याला हात बी लावत नाय."

"मग मुलीचा चेहरा कसा जळाला?"

"माहीत नाय, साहेब. पोर ओळखीची हाय माझ्या. बरी हाय का ती?"

मी तोच प्रश्न वेगवेगळ्या अंगांनी फिरवून विचारला. चौकशीचा एक साधा अनुभव आहे. खोटं बोलणारा माणूस दर वेळी उत्तरात थोडी भर घालतो, कारण आपल्यावर विश्वास बसलेला नाही हे त्याला दिसत असतं. ही बाई दर वेळी तेवढंच बोलत होती, फक्त आवाज खाली खाली जात होता. आणि आरोपींपैकी जखमीची चौकशी करणारे मी फार थोडे पाहिले. सूर्य मावळायच्या आत तिला घरी पाठवलं, दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. बाहेर मुलीचे काका ओरडत होते, "जंगलातली माणसं, यांना हेच येतं!" पोतं सापडल्याची बातमीही तोवर फुटली होती.

दुसरा दिवस लग्नाचा. मांडव तसाच उभा होता, खाली खुर्च्यांचे ढीग. देवळ्याहून मुलाकडच्यांचा फोन आला होता. कांद्याच्या व्यापारातली मोठी मंडळी. "तूर्त थांबू, पुढचं पुढे बघू," एवढंच म्हणाले. मुलीला बघायला कोणी आलं नाही.

मी जबाब घ्यायला घरी गेलो. मुलीची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझी नजर तिच्या हातांकडे गेली. हात स्वच्छ होते.

"हळदीला तेल कोणी लावलं?" मी विचारलं.

"आधी मी. मग पाच सवाष्णींनी."

सगळ्यांना बोलावून हात बघितले. एकीच्याही बोटाला साधी पुरळ नव्हती. तेलात बिब्बा असता तर पहिल्यांदा लावणारीचे हात उतले असते.

"बाटली नवीन होती का?"

"नाही. दोन महिने तेच वापरतोय." आई जरा अडखळली. "देवळ्याच्या मंडळींनी साखरपुड्यात म्हटलं होतं, मुलगी थोडी सावळी आहे, लग्नापर्यंत उजळेल असं बघा. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या तोंडाला तेल आणि हळद चोळायचे मी."

म्हणजे बाटलीत काही नव्हतं. बिब्बा वेगळा आला होता आणि फक्त चेहऱ्यावर लागला होता. हळदीनंतर मुलीजवळ कोण गेलं, याची मी विचारपूस केली. कोणीच नाही. आंघोळ करून ती दुपारभर खोलीत दार लावून झोपली होती.

महिला हवालदारांना दवाखान्यात पाठवलं. मुलगी आतापर्यंत "मला माहीत नाही" एवढंच म्हणाली होती. हवालदार अनुभवी होत्या. मुलीच्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी फुगलेली त्यांना दिसली. मेंदीच्या रंगात ती आधी कोणाच्या लक्षात आली नव्हती. पण त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. नुसत्या शेजारी बसल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "ती घाणेवाली बाई कालपासून ठाण्यात येऊन बसतेय बघ. दुकान फोडलं लोकांनी तिचं."

मुलीचा फोन काढून घेतला होता, घरच्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं. ती एकदम उठून बसली. "मावशींचं? त्यांनी काय केलं?"

"लोक म्हणतात, तिच्या तेलाने तुझं तोंड जळलं."

मुलगी बराच वेळ रडली. मग म्हणाली, "त्यांना सोडा. मीच लावलं."

मी पोचलो तेव्हा वडीलही आले होते. ते दारात उभे राहिले, मी आत जाऊन बसलो. भद्रकालीतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून तिने बिब्बे आणले होते. मामाच्या गावी टाचेवर लावताना पाहिलं होतं, तेवढीच माहिती. चार डाग उठतील, लग्न पुढे जाईल, असं वाटलं होतं. चेहरा एवढा सुजेल याची कल्पना नव्हती.

"दुसरा कोणी मुलगा आहे का मनात?" मी विचारलं. आमच्या खात्यात हा प्रश्न पहिला सुचतो.

"कोणी नाही, सर." सुजलेल्या ओठांनी ती हळूहळू बोलत होती. "दोन महिने रोज दोन वेळा माझं तोंड धरून चोळत होते. उजळलं का, नाही उजळलं, एवढंच घरात बोलणं. त्या मुलाने मला एकदाही काही विचारलं नाही. फोन केला की म्हणायचा, फोटो पाठव, फरक पडला का बघू. मला वाटलं, असल्या चेहऱ्याची नको असेन तर आत्ताच कळू दे."

दारातून वडील म्हणाले, "अगं, मग सांगायचं ना आम्हाला."

"सांगितलं होतं, पप्पा. साखरपुड्याआधी सांगितलं. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात."

ते खाली बाकावर जाऊन बसले.

ठाण्यात काही जणांनी सुचवलं, मुलीवरच कारवाई करा, पोलिसांचा वेळ घालवला. मला ते पटलं नाही. फिर्याद बापाची होती आणि बाप खोटं बोलला नव्हता, त्याचा समज चुकीचा होता. गैरसमजातून नोंदलेल्या गुन्ह्यासाठी न्यायालयाकडे 'क' समरी पाठवतात, तशी पाठवली. ती मंजूर झाली. प्रयोगशाळेचा अहवाल पुढे खूप उशिरा आला. बाटलीत शुद्ध खोबरेल होतं.

मुलगी दवाखान्यातून सुटल्यावर बापलेक घाणेवालीकडे गेले. वाद नको म्हणून मीही सोबत गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वडिलांनी हात जोडले. बाई आधी मुलीकडे वळली, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला.

"दुखतं का गं अजून?"

मुलीने मान हलवली आणि डोळे पुसले. मग बाई वडिलांकडे बघून म्हणाली, "दादा, माझं दुकान फोडताना फोन काढून उभे व्हते तुमचे लोक. आज नुस्ते हात जोडू नका. आजबी फोन काढा."

वडील घाण्यासमोर उभे राहिले. मुलीनेच फोन धरला. त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि म्हणाले, "या बाईंच्या तेलात काहीही नव्हतं. चूक माझ्या घरात झाली होती आणि ती माझी आहे."

मुलीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, हे मला त्या माणसाचं मोठेपण वाटलं. तो व्हिडिओ मी स्वतः जमेल तिथे पाठवला. माझ्या बायकोच्या ग्रुपवर त्यावर कोणी काही बोललं नाही. पहिला सगळ्या शहराने पाहिला होता, दुसरा बघायला कोणाला सवड नव्हती. बाईने वर्षभर कसंबसं रेटलं, मग दुकान बंद करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. तिथे पुन्हा घाणा लावला.

मध्यंतरी ते वडील बाजारात भेटले. तेही निवृत्त झालेत. मुलगी नोकरी करते, गालावरचे डाग गेले, जबड्याजवळ एक राहिला, असं सांगत होते. लग्नाचा विषय घरात कोणी काढत नाही.

"बोलते का घरात?" मी विचारलं.

"आईशी बोलते. माझ्याशी कामापुरतं," ते म्हणाले आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी असंख्य माणसांना बोलतं केलं. त्याचं कौतुक झालं, बक्षिसंही मिळाली. पण आमच्याकडे माणूस येतो तो सगळं घडून गेल्यावर. त्या मुलीला जे बोलायचं होतं ते तिने आधीच, योग्य ठिकाणी, सरळ शब्दांत सांगितलं होतं. ते तेव्हाच कोणी ऐकलं असतं, तर त्या घराला माझी गरज पडली नसती.